चांदीचा फ्यूज

आमच्या नयनाचं लग्न झालं ते साल १९९६. वैशाखातलं लग्न, लखनौचं ऊन. जावई कानपूरचे, आमच्यासारखेच गलाईवाले. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. मी चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर लखनौला आलो आणि चौकातल्या सराफ्यात, गोल दरवाज्याच्या आतल्या गल्लीत भट्टीपुढं बसलो, तो चाळीस वर्षं बसलो.

वरात विकासनगरच्या आमच्या घरापुढं आली तेव्हा माझी बायको गीता ओवाळायचं ताट घेऊन फाटकाशी उभी होती. तिला ऐकू येत नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिला छातीचा क्षय झाला होता. नव्वद इंजेक्शनं घेतली. क्षय गेला आणि त्याच्यामागोमाग कानही गेले. असं होतं कधी कधी, असं डॉक्टर म्हणाले.

बँडमधला मोठा ढोलवाला अगदी तिच्या पुढ्यात येऊन वाजवू लागला. गीतानं ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला.

"अहो, वाजतंय," ती मोठ्यानं म्हणाली. आपला आवाज केवढा निघतो ते तिला कळत नसे. दोन-चार वऱ्हाडी वळून बघू लागले. "इथं वाजतंय. बरगडीत."

मी मान हलवली. लग्नघरात त्याहून जास्त काही करायला सवड नव्हती. पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

लग्न उरकलं, पाहुणे गेले, आणि एके दिवशी तिनं भावाला पत्र लिहायला घेतलं. पत्रं तीच लिहायची. ती चौथी शिकलेली, मी अंगठा उठवणारा. तिचे कान गेल्यावर तिच्याशी बोलायची पंचाईत झाली, तेव्हा तिनंच मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. तेव्हापासून आमचा संसार असा चालायचा: ती तोंडानं बोलायची, मी पाटीवर लिहायचो. चुकलं की ती आधी अक्षर दुरुस्त करायची आणि मग उत्तर द्यायची.

पाटीवर मी विचारलं, "काय लिहितेस?"

"राजारामला सांगतेय, दसऱ्याच्या जत्रेतले ढोल टेप करून पाठव म्हणून."

मी लिहिलं, "ऐकणार कोण?"

"गाडीत बसून बघीन म्हणते," ती म्हणाली. "प्रसादच्या त्या डब्यावर."

प्रसाद आमचा मुलगा. दुकान आता तोच बघायचा. त्यानं जुनी मारुती व्हॅन घेतली होती आणि मागच्या सीटमागं एक मोठा लाकडी डबा बसवला होता. त्याला सबवूफर म्हणतात. गाण्यातला फक्त खालचा, जाड आवाज तो काढतो. त्याला ताकद देणारा एक अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली होता. मित्रांना घेऊन तो व्हॅन गल्लीत आणायचा तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि मी त्याला शिव्या द्यायचो. गीतानं मात्र एकदा तावदानाला बोट लावून बघितलं होतं.

माहेरी जाणं आता तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास, पुढं एसटी, आणि फुप्फुसं अर्धीच चालायची. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. तिनंही हट्ट केला नाही. फक्त ढोल मागवले.

दिवाळीत राजारामची कॅसेट आली. सुरुवातीला त्याचा आवाज होता, "आक्का, हे तुझ्यासाठी," आणि मग ढोल. मी ते ऐकलं आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचं बिरोबाचं पटांगण दिसलं. गजी नाचणारे धनगर ढोलाभोवती गोल फिरतात; अशा एका फेरीच्या वाजवण्याला आम्ही वळसा म्हणतो. ढोल आधी संथ असतो, मग धावतो, मग वळण घेतो, मग एकदम थांबतो. एक श्वास जातो. आणि पुन्हा सुरू होतो. गीता लहानपणी त्या थांबण्याची वाट बघायची. तिथं सगळं पटांगण गप्प होतं, असं ती सांगायची.

मी तिला व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसवलं आणि कानपूर रोडनं सरोजिनी नगरच्या पुढं, जिथं रस्ता मोकळा होतो, तिथं घेऊन गेलो. घरापाशी वाजवलं असतं तर शेजारचे आले असते. एका कडुनिंबाखाली गाडी लावली आणि टेप सुरू केला. गीता डोळे बारीक करून बसली.

"संथ आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता धावतोय." आणि मग, अगदी नेमक्या जागी, "थांबला."

मला काय वाटलं ते मी पाटीवर लिहू शकलो नाही. जोडाक्षरं फार लागली असती.

त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी आम्ही जायचो. इंजिन बंद ठेवलं की बॅटरी उतरायची. एकदा तर दोन दूधवाल्यांनी सायकली ठेवून आमची गाडी ढकलली. त्यातला एक म्हणाला, "चाचा, चाची को घुमाने का शौक है तो रिक्शा कर लिया कीजिए." गीतानं मला विचारलं तो काय म्हणाला. मी पाटीवर लिहिलं. ती रस्ताभर हसत होती आणि मग रस्ताभर खोकत होती.

जानेवारीत दुकानात मूस फुटली. मूस म्हणजे ज्यात धातू वितळतो ते भांडं. तापलेल्या चांदीचे थेंब माझ्या दोन्ही हातांवर उडाले. बोटांना जाड पट्ट्या बांधल्या. आठ दिवसांनी गीता म्हणाली, जाऊ या. गाडी प्रसादनं चालवली, मी पुढं त्याच्या शेजारी बसलो. त्याच झाडाखाली टेप लावला.

ढोल सुरू झाला. गीता काही बोलली नाही. ढोल धावला, वळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ती माझ्या हातांकडं बघत होती.

"लावलाय का टेप?" तिनं विचारलं.

प्रसादनं वळून माझ्याकडं बघितलं. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी नुसती होकाराची मान डोलावली.

गीतानं तोंड खिडकीकडं फिरवलं. घरी आल्यावर, प्रसाद आत गेल्यावर, ती म्हणाली, "तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवता. त्यावरनं सांगत होते मी. इंजिन हादरतं तेवढं कळतं मला. बाकी काही नाही."

मी पट्ट्या बांधलेल्या बोटांकडं बघितलं.

"तुम्ही एवढं पेट्रोल जाळून नेत होता," ती म्हणाली. "कसं सांगायचं?"

मी कसोटीवर आयुष्य काढलेला माणूस. सोन्याची रेघ बघून सांगायचो, किती खोट आहे ते. आणि तीन महिने घरातलं माणूस मला कळलं नव्हतं. राग आला नाही. थकवा आला. पट्ट्या सुटेपर्यंत मी काही बोललो नाही. सुटल्यावर पहिली गोष्ट पाटीवर लिहिली, "मोठं मशीन बसवू."

"नको," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "मोठं म्हणजे केवढं?"

लालबागेत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथं तौकीर म्हणून कारागीर होता, प्रसादचं काम त्यानंच केलं होतं. पस्तिशीचा, तोंडात पान, बोलणं अदबीचं. मी सांगितलं, आहे त्याच्या तिप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचाय.

"चाचा, इस उम्र में?" तो म्हणाला. "मोहल्ले वाले पुलिस बुला लेंगे."

मी त्याला गीताचं सांगितलं. त्यानं पान थुंकलं आणि व्हॅनमध्ये शिरून मागच्या सीटवर जाऊन बसला. सीटची पाठ हातानं दाबून बघितली.

"तो सुनाना नहीं है," तो म्हणाला. "बदन तक पहुँचाना है. फिर सिर्फ़ बड़ा एम्प लगाने से नहीं होगा. आवाज़ तो फोम पी जाता है." त्यानं सीटच्या पाठीवर थाप मारली. "पीछे का फोम निकालते हैं. बक्सा सीधे सीट के ढाँचे से कस देंगे. अम्माँ की पीठ लकड़ी पर."

"लागेल तिला," मी म्हणालो. त्याच्याशी बोलतानाही माझ्या तोंडून मराठी निघायची. "मतलब, चुभेगा."

"पतली दरी बिछा दीजिएगा."

त्याला दोन दिवस लागले. जुना अ‍ॅम्प्लिफायर काढला, नवा, पसरट, थंड व्हायला पन्हाळी असलेला बसवला. जुनी तार एवढी वीज वाहून नेऊ शकत नाही म्हणून बॅटरीपासून बोटाएवढी जाड तार टाकली. तारेच्या सुरुवातीला काचेच्या नळीतला फ्यूज लावला आणि तो मला बोटानं दाखवला.

"यह जले तो मेरे पास आइएगा. ख़ुद कुछ मत कीजिएगा, चाचा."

पहिल्या दिवशी कानपूर रोडवर पोचून टेप लावला, दोन मिनिटं डबा घुमला आणि सगळं बंद पडलं. फ्यूज गेला होता. तौकीरनं दुसरा घातला आणि म्हणाला, गाडी एक दिवस सोडा, सीटखाली तार कुठं तरी पत्र्याला घासत असेल, बघावं लागेल. मी म्हणालो, उद्या आणतो. पण दुसऱ्या दिवशी गीताला ताप आला आणि तिसऱ्या दिवशीही तो उतरला नाही. मग ईद आली. तौकीर दुकान बंद करून सासुरवाडीला मलिहाबादला गेला, चार दिवसांसाठी. प्रसादही नयनाकडं कानपूरला गेला होता.

ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गीता उठली, स्वतः वेणी घातली आणि उन्हात येऊन बसली. फेब्रुवारीतलं लखनौचं ऊन मऊ असतं.

"आज बरं वाटतंय," ती म्हणाली. "आज जाऊ या."

तिच्या तशा बऱ्या दिवसांची संख्या कमी होत चालली होती हे तिलाही माहीत होतं. मी गाडी बाहेर काढण्याआधी टेप लावून बघितला. लगेच फ्यूज उडाला.

मी तो काढून हातात घेतला. काचेच्या आत एक बारीकशी पट्टी, मधोमध वितळलेली. तिला खिशात घालून मी चौकात गेलो, दुकान उघडलं आणि सवयीनं ती कसोटीच्या दगडावर घासली. मळकट, राखाडी रेघ उमटली. कथील नाही तर जस्त, असलं काहीतरी हलकं. मी मनात म्हटलं, एवढी जाड तार टाकली, एवढं मोठं मशीन आणलं, आणि मधे हा कचरा. इथंच मोडणार ना. चांदीइतकी वीज दुसरा कुठलाच धातू वाहत नाही, हे मला तीस वर्षं माहीत होतं. चांगली शुद्ध चांदी घेतली, ठोकली, ओढली, आगपेटीच्या काडीएवढी तार केली, आणि फ्यूजच्या जागी घट्ट बसवली. काम देखणं झालं होतं. मला त्याचा अभिमानही वाटला.

अंगणात पुन्हा टेप लावून बघितला. काही उडालं नाही.

दुपारी आम्ही त्या कडुनिंबाखाली पोचलो. गीताची पाठ पातळ सतरंजी टाकलेल्या लाकडाला टेकवली, तळहात दोन्ही बाजूंना डब्यावर ठेवले. इंजिन सुरूच ठेवलं. मी पुढं बसलो आणि माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मान वळवून मी तिच्याकडं बघत होतो.

टेप सुरू झाला. छपराचा पत्रा घुमला. माझ्या स्वतःच्या दातांत ढोल वाजला.

गीतानं तळवे डब्यावर घट्ट दाबले. तिनं डोळे मिटून घेतले. आता तिला माझी बोटंही दिसत नव्हती, तोंडही दिसत नव्हतं.

"संथ," ती म्हणाली.

मी हललो नाही.

"आता उचलला... धावतोय... वळला." तिचा श्वास वर-खाली होत होता. "थांबला."

ढोल थांबला होता. कडुनिंबावर कुठला तरी पक्षी ओरडला तेवढाच आवाज. मग ढोल पुन्हा सुरू झाला आणि ती त्याच क्षणी हसली. पहिला ढोल संपला आणि दुसरा लागला.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली. "हा राजाराम वाजवतोय."

मी पाटी घेतली, पण तिचे डोळे मिटलेले. लिहून काय करणार?

"डावा हात मागं पडतोय. चिंचेवरनं पडला होता ना लहानपणी, हात मोडला होता. तेव्हापासनं त्याचा डावा हात मागं पडतो. आई ओरडायची त्याला." मग ती म्हणाली, "म्हातारा झाला. दमतोय."

मी कान देऊन ऐकलं. मला काही फरक कळला नाही. माझे कान चांगले होते.

तो वळसा संपायला आला असेल, तेव्हा मला तिच्या पायांपाशी धूर दिसला. आधी वाटलं धूळ आहे. मग सीटखालून काळा धूर वर आला. तेजाबाच्या वाफांत चाळीस वर्षं काढून माझं नाक केव्हाच मेलं होतं, मला वास आलाच नाही. मी दार उघडून तिला बाहेर ओढलं, बॅटरीवरची तार हिसकून काढली, रस्त्याकडेची माती ओंजळीनं सीटखाली टाकली. एक ट्रक थांबला. त्यातल्या सरदारजीनं पाण्याचा डबा ओतला. आग फार नव्हती. चटई, सीटचा एक कोपरा आणि तो नवा अ‍ॅम्प्लिफायर.

गीता झाडाला टेकून खोकत होती. खूप वेळ खोकत होती. थोडी थांबली तेव्हा म्हणाली, "वास आला होता मला."

मी तिच्याकडं बघितलं. पाटी गाडीतच राहिली होती. मी बोटानं मातीत लिहिलं, "मग बोललीस का नाही?"

तिनं ते वाचलं. "राजारामचा वळसा पुरा व्हायचा होता," ती म्हणाली.

सरदारजीनं आम्हाला ट्रकमधून चारबागपर्यंत आणून सोडलं. पुढं आम्ही रिक्षानं घरी आलो. तिनं वाटेत माझा हात धरला होता आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो तिला ऐकू येत नव्हता, मला येत होता.

मलिहाबादहून आल्यावर तौकीरनं गाडी बघितली. सीटखाली एका धारदार पत्र्यानं तारेचं रबर कापलं होतं. त्यानं फ्यूजच्या जागची माझी तार काढली आणि उजेडात धरली. तिला काहीही झालं नव्हतं. जशी बसवली तशीच चमकत होती.

"चाँदी?" तो म्हणाला.

"ख़ालिस," मी म्हणालो.

तो मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चाचा, फ्यूज़ तो कमज़ोर ही रखते हैं," तो हळू म्हणाला. "वह बेचारा जलता है, तभी आदमी बचता है. दो बार जलकर उसने बताया था आपको."

प्रसाद मात्र ओरडला. "आबा, आई आत होती. आत होती ती." मग तो गॅरेजबाहेर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

तौकीर म्हणाला, दिल्लीहून दुसरा मागवतो, मी सगळं पुन्हा नीट करून देतो. घरी येऊन मी ते गीताला पाटीवर लिहून दाखवलं.

"नको," ती म्हणाली. "ऐकलं मी. आता पुरे." तिनं पाटीवरचा माझा 'दिल्ली'तला दुसरा ल पुसला आणि नीट काढून दाखवला.

मी राजारामला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्र, एक पान, चार दिवस लागले. गीताला दाखवलं नाही. त्यात एकच गोष्ट विचारली: टेपमधला दुसरा ढोल कोणी वाजवला? पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ढोलवाला म्हातारा दमला म्हणून मधे एक वळसा मीच वाजवला, पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हाला कसा संशय आला, असं त्यानं लिहिलं होतं. ते पत्र मी गीताला दिलं. तिनं दोनदा वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं, आणि मला विचारलं, "तुम्हाला खरं वाटलं नव्हतं ना?"

मी पाटीवर लिहिलं, "वाटलं होतं." मग ते पुसलं आणि लिहिलं, "नव्हतं."

"आता सोडा ती कसोटी," ती म्हणाली.

त्या दुपारच्या धुरानंतर तिचा खोकला पूर्ण असा कधी थांबला नाही. फुप्फुसं आधीपासूनच गेलेली होती, त्या धुरानं काही विशेष झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. पावसाळ्यात तिचा जिना बंद झाला, दसऱ्यानंतर अंगणही. राजाराम भेटायला निघणार होता, पण शेतातल्या कामांमुळं त्याचं निघणं लांबलं आणि तो पोचला तेव्हा तेरावा होता. व्हॅन प्रसादनं विकली. लाकडी डबा आम्ही आधीच काढून घेतला होता. तो माझ्या खाटेखाली आहे. चांदीची ती तार मी पुन्हा भट्टीत घातली नाही.

गीता २ डिसेंबर १९९७ रोजी, मंगळवारी सकाळी, लखनौत विकासनगरच्या घरी वारली.